फुलांची तोरडी आखूड पडली

माझ्या धाकट्या जावेचा मी हेवा करत होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी मला शहाणपण शिकवायला नको. हेवा म्हणजे थोडाथोडका नाही. सकाळी उठले की आधी तिचे पाय शोधायचे आणि दिवसभर जिथे दिसतील तिथे पाहत राहायचे, इतका. पायच का, तर त्या पायांत तोरड्या होत्या.

तोरड्या आमच्या सासूबाईंच्या. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. चांदीच्या, जाड, बाजूचा खिळा काढला की उघडणाऱ्या. आमच्या घरात त्या मोठ्या सुनेकडे जायच्या, पिढ्यान् पिढ्या. मोठी सून मी. अमरावतीच्या या माळ्याच्या घरात मी धाकटीच्या कितीतरी आधी आले. मळ्यातल्या वांग्यांच्या पाट्या माझ्या डोक्यावरून बाजारात गेल्या, मोगऱ्याचे हार माझ्या बोटांनी ओवले. पण माझी कूस भरेना. दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळा गर्भ पडला. आत्याबाई म्हणाल्या, "नशीब तुयं," आणि आठवडा उलटायच्या आत मी पुन्हा वाफ्यात निंदायला बसले. डॉक्टर नाही, वैद्य नाही, कोणी दारात उभंसुद्धा राहिलं नाही.

धाकटी अकोल्याची. वर्ष सरलं नाही तो तिला दिवस गेले, आणि आत्याबाईंनी पेटी उघडून तोरड्या तिच्या पायात घातल्या. माझ्या डोळ्यांदेखत. वर मलाच म्हणाल्या, "मोठे, चिंच आण व. काया पडल्या, घासून दे."

मी चिंचेनं घासून दिल्या. लख्ख करून दिल्या. घासताना मनात काय काय आलं ते लिहीत नाही.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं, मोठी लढाई चालू होती, घासलेट मिळायची मारामार होती. पण धाकटीला दूध मिळत होतं. खिडकीजवळची खाट तिची. पहिला पिकलेला आंबा तिचा. आणि तोंडी सारखं एकच, "आमच्या अकोल्यात." आमच्या अकोल्यात मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरात आमच्या बाबांचं फुलांचं दुकान आहे, आमच्या अकोल्यात असं, आमच्या अकोल्यात तसं. मी खेड्यातली, माझ्या माहेरी दुकान नव्हतं आणि आता आईही नव्हती. त्यात ती स्वभावानं चांगली. मला "बाई" म्हणायची, आपल्या वाटीतला आंबा अर्धा काढून माझ्यासमोर ठेवायची. भांडखोर असती तर माझं काम सोपं झालं असतं.

तर मी तोरड्यांकडे पाहायची. ती चालली की तोरड्या घोट्यावर खाली-वर सरकत. बसली की टाचेकडे घसरत. मला त्यांची प्रत्येक हालचाल पाठ झाली होती. मग सातवा लागला आणि माझ्या ध्यानात आलं, की उजवी तोरडी फिरते, डावी फिरत नाही. डावी जिथे आहे तिथेच रुतून बसली आहे. संध्याकाळी धाकटी पाय सोडून बसली की डाव्या घोट्यावर तोरडीचा वळ दिसायचा, उजव्यावर काही नाही. कोणाला सांगितलं नाही. मनात म्हटलं, रुतू दे. माझ्या तोरड्या आहेत, तुझ्या पायाला त्या मानवायच्या नाहीत.

चैत्रात तिचं डोहाळजेवण झालं. माळ्याच्या घरचं डोहाळजेवण म्हणजे फुलांना तोटा नाही. गर्भारणीला नखशिखांत मोगऱ्याचे दागिने करायचे: बाजूबंद, कंबरपट्टा, हातात कंकणं, पायात तोरड्या. ओवायचं काम माझं, कारण त्या घरात माझ्याइतकं बारीक कोणाला ओवता येत नव्हतं. पण ओटी भरायला मी पुढे यायचं नाही आणि तिच्या अंगाला हात लावायचा नाही. जिची कूस भरत नाही तिचा हात लागू नये, असं आत्याबाईंचं म्हणणं. म्हणून मापसुद्धा त्यांनीच घेतलं. केळीच्या सोपटाचा धागा धाकटीच्या उजव्या घोट्याभोवती फिरवला, दातानं तोडला आणि माझ्या हातात दिला. फुलांच्या दागिन्यांचं माप आम्ही एकाच अंगाचं घेतो, उजव्या. डावं त्याच्यावरूनच ओवतो. माणसाचे दोन पाय दोन मापाचे असतात असं कोणाला वाटतं?

मी दोन्ही तोरड्या जोडीनं ओवल्या. कळीला कळी लावून, एक कळी इकडे नाही की तिकडे नाही.

धाकटीची आई अकोल्याहून आली होती. आमची विहीणबाई. मोठ्या आवाजाची बाई, लेकीवर जीव टाकणारी. तिनं चांदीच्या तोरड्यांचे खिळे काढले आणि फुलांच्या घालायला घेतल्या. उजवी बरोब्बर बसली. डावीची टोकं जुळेनात. ओढली तर कळ्या तुटायला लागल्या.

"अव माय!" विहीणबाई सगळ्या बायांसमोर म्हणाली, "मोठीनं एक आखूड करून ठेवली व! पोटात दुखते बाईच्या, दुसरं काय!"

बाया हसल्या. मी सैपाकघराच्या दारात उभी होते. पोटात दुखत होतंच, नाही कशाला म्हणू? पण तोरडी मी आखूड केली नव्हती. माप तुमचं, पाय तुमच्या लेकीचा, आणि दोष माझ्या मनाचा! लहानपणापासून ओवत आले, माझं माप कधी चुकलं नव्हतं. हेवेखोर म्हणा, सोसेन. काम वाईट करते म्हणाल तर माझं डोकं फिरतं. तो अपमान मी पोटात घट्ट धरून ठेवला.

संध्याकाळी बाया गेल्या आणि धाकटी म्हणाली, डावी पोटरी ओढून राहिली. आत्याबाईंनी ताबडतोब मीठ, मोहऱ्या आणि मिरच्या तिच्यावरून उतरवून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका कोणालाच आला नाही. ठसका आला नाही म्हणजे दृष्ट जबर, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. कोणाची दृष्ट, ते कोणी बोललं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, तेवढं पुरे होतं. मग आत्याबाईंनी काळा दोरा मंतरून तिच्या डाव्या घोट्याला बांधला. दुखऱ्या पायाला चांदी जड होते म्हणून त्या पायातली तोरडी पेटीत गेली.

दुसऱ्या दिवसापासून पाय सुजलेला सगळ्यांनाच दिसायला लागला. पण आता त्याला कारण होतं: दोरा काचला. मग दोरा सैल करायचा. पुन्हा काचला की पुन्हा सैल करायचा. मालिशवाली बाई येऊन गरम तेलानं पोटरी जोरजोरात चोळून जायची. धाकटी ओठ दाबून बसायची. मला त्या चोळण्याचासुद्धा हेवा वाटायचा. माझे पाय कोणी चोळले होते?

अशातच एका दुपारी ती ओसरीवर कळ्या निवडत बसली होती. एकाएकी कळ्या हातातून सांडल्या. तिनं उजवी बरगडी धरली आणि तोंड उघडं टाकलं, पण श्वास आत जाईना. "बाई, सुरी टोचते व," एवढंच म्हणाली. मी धावले, पण हात लावायचा नाही म्हणून हातभर अंतरावर थांबले. आत्याबाई आल्या. थोड्या वेळानं दम जरा बसला, मग खोकला आला, आणि तिनं पदरात थुंकलं तर त्यात रक्ताची रेघ.

आमच्या पेठेतले डॉक्टर आले. घुंगट ओढून धाकटी बसली, त्यांनी मनगट धरलं, लुगड्यावरूनच पाठीला नळी लावली. पाय त्यांना कोणी दाखवले नाहीत आणि त्यांनीही मागितले नाहीत. जाताना मामंजींना बाजूला घेऊन म्हणाले, क्षयाची सुरुवात असू शकते, थुंकी तपासा, छातीचा फोटो काढून घ्या.

क्षय म्हटलं की घर एका दिवसात बदलतं. त्याच संध्याकाळी धाकटीचं ताट, वाटी, गडवा वेगळा झाला. दिराची वळकटी अंगणात गेली. आंबे कोणी तिच्या खाटेपर्यंत नेईना. विहीणबाईला अकोल्याहून बोलावणं गेलं. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, ती रीतच. आता जरा आधी न्यायचं ठरलं. अकोल्यात हवा बदलेल, फोटोचं काय ते तिकडचे पाहतील. आणि घरातला क्षय घराबाहेर जाईल, हे कोणी म्हणालं नाही.

मला आनंद झाला. तो लपवून काय करू? खिडकी रिकामी होणार होती. "आमच्या अकोल्यात" ऐकू येणार नव्हतं. पेटीतली तोरडी आणि तिच्या पायातली तोरडी पुन्हा एका जागी येणार होत्या, आणि कोण जाणे, मग त्या कोणाच्या पायात जातील.

निघायच्या सकाळी टांगा दारात उभा होता. टांग्यानं स्टेशन, तिथून बडनेरा, बडनेऱ्याला गाडी बदलायची, मग अकोला. धाकटी खाटेवर टेकून बसली होती, अर्धं वाक्य झालं की थांबून श्वास घ्यायची. विहीणबाई ऐनवेळी अडून बसली. "गाडीत चढवाच्या आंधी पोटातलं लेकरू नीट हाये का थे पाहून घ्या. रस्त्यात काही झालं तं मी काय करू?" म्हणून बायांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं.

डॉक्टरीणबाई पुण्याकडच्या. पांढरं पातळ, पायात चपला, बोलणं तुटक. त्या आल्या आणि मी दाराशी गडव्यात पाणी घेऊन उभी राहिले. खरं सांगते, तेव्हाही माझ्या मनात हेच, की हिच्यासाठी डॉक्टरीण आली. माझं दोनदा सगळं वाहून गेलं तेव्हा ही बाई याच गावात असेल.

त्यांनी आधी पोटाला कान लावला. "बाळाचे ठोके छान आहेत," म्हणाल्या. आत्याबाई उठायलाच लागल्या, टांगेवाल्याला सांगायला.

"थांबा. मी बाळाच्या आईला अजून पाहिलेलं नाही."

मग त्यांनी धाकटीची नाडी कितीतरी वेळ धरून ठेवली. ती नुसती बसली होती तरी नाडी धावत होती, हे त्यांच्या तोंडावरून कळत होतं. काचेची नळी काखेत धरून ताप पाहिला. पाठ उघडी करून ऐकलं, श्वास घ्यायला लावला, कुठे टोचतं ते बोटानं दाखवायला लावलं. दुखणं कसं सुरू झालं ते तिच्याच तोंडून ऐकलं, मध्ये कोणी बोललं तर हात वर करून गप्प केलं. मग म्हणाल्या, "लुगडं वर घ्या. पाय पाहू."

विहीणबाई म्हणाली, "छातीत दुखते व बाई तिच्या, पायात नाई."

"पाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्यांनी पिशवीतून शिवणाची फीत काढली. दोन्ही पोटऱ्या मोजल्या, गुडघ्याच्या वरही मोजलं. डावा पाय चांगलाच जाड होता, वरपर्यंत. त्यांनी घोट्याचा काळा दोरा बोटानं उचलून पाहिला.

"ही सूज कधीपासून?"

"दोरा काचला म्हून आली," आत्याबाई म्हणाल्या. "मंग बाईनं चोयला, त्यानं थोडी वाढली. उतरते."

"आधी सूज आली, की आधी दोरा बांधला?"

"दोराच आंधी," आत्याबाई म्हणाल्या. विहीणबाईनंही मान डोलावली, "दोराच."

"नीट आठवून सांगा. हे महत्त्वाचं आहे. दोऱ्याने, चोळण्याने पाय सुजला असेल तर एक गोष्ट. पाय आपला आपण आधी सुजला असेल, एकच पाय, आणि मग छातीत कळ आली असेल, तर ती फार वेगळी गोष्ट." त्या धाकटीकडे वळल्या. "तुम्हाला काय आठवतं?"

धाकटी कशीबशी म्हणाली, "मले पोटापल्याड पाय दिसतेच कुठं?"

मला उत्तर माहीत होतं. त्या खोलीत एकट्या मलाच माहीत होतं. आणि मी गप्प राहिले असते तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. टांगा दारात होता. ती गेली असती, खिडकी माझी झाली असती. आणि तोंड उघडलं तर काय? तर सगळ्यांसमोर मीच सांगायचं, की मी, जिची कूस भरत नाही ती, या गर्भारणीच्या पायांवर रोज डोळे लावून बसले होते. ज्या नजरेसाठी तो दोरा बांधला ती नजर माझीच, असं स्वतःच्या तोंडानं कबूल करायचं. त्या घरात मला अजून अख्खा जन्म काढायचा होता.

मी डॉक्टरीणबाईंच्या तोंडाकडे पाहिलं. ती बाई घाबरली होती. एवढी शिकलेली बाई, आणि हातातली फीत नुसती गुंडाळत होती, सोडत होती. मग मी धाकटीकडे पाहिलं. तिचे ओठ जांभळट झाले होते आणि ती माझ्याकडे बघत होती, दुसऱ्या कोणाकडे नाही.

"सूज आधीची हाये," मी म्हटलं.

आत्याबाई गर्रकन वळल्या. "तुले काहून माहीत?"

"मी पाहत होती. रोज पाहत होती." एकदा तोंड फुटल्यावर मला थांबता येईना. "सातवा लागला तवापासून डावी तोरडी फिरत नोती. रुतून बसली होती. उजवी फिरे. संध्याकाई वळ दिसे, एकाच पायावर. आन् डोहाळजेवणाच्या दिवशी फुलाची तोरडी आखूड पडली नाई का? थे माप उजव्या पायाचं होतं. मी दोन्ही सारख्या ओवल्या. माया हातून माप चुकत नाई. पाय जाड झाला होता. सकाई तोरडी आखूड पडली, दोरा संध्याकाई बांधला!"

"पाहा व, पाहा!" विहीणबाई ओरडली. "आपल्याच तोंडानं म्हणते! रोज डोये लावून बसली होती माया पोरीवर!"

"मी म्हणतच होती," आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

डॉक्टरीणबाईंनी त्या दोघींकडे पाहिलंसुद्धा नाही. मला म्हणाल्या, "तुम्ही इकडे या. आणखी काय पाहिलंत?"

मला त्या घरात कोणी "तुम्ही" म्हटलं नव्हतं. मी गडवा खाली ठेवला. रंग कधी बदलला, कधी लंगडायला लागली, मालिश कधी सुरू झालं, चोळून गेल्यावर कशी घामाघूम व्हायची, सगळं सांगितलं. माझ्याजवळ सगळं होतं. हेव्यानं एक क्षण वाया घालवला नव्हता.

त्यांनी मामंजींना आणि दिराला दारात बोलावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. क्षय असा कळ्या निवडता निवडता एका दुपारी येत नाही. संध्याकाळचा ताप नाही, अंग वाळलेलं नाही. न्यूमोनिया असता तर ती तापानं फणफणली असती. गर्भारपणात बाळ वर सरकतं, दम लागतो, पण तो हळूहळू. त्यात सुरी टोचत नाही आणि थुंकीत रक्त पडत नाही. "हिच्या पायाच्या आतल्या शिरेत रक्त साकळलंय असं मला वाटतं. गर्भारपणात ते होतं, आणि बहुतेक डाव्याच पायात. त्याचा एखादा तुकडा सुटतो आणि रक्ताबरोबर वर जाऊन फुप्फुसात अडकतो. परवा लहानसा गेला असावा. चोळण्याने, चालण्याने, गाडीच्या हिसक्याने मोठा सुटला तर बडनेऱ्याच्या फलाटावर ही आणि बाळ, दोघंही जातील."

"तुमची खात्री हाये?" आत्याबाईंनी विचारलं.

"नाही. खात्री करून देईल असं माझ्याजवळ काही नाही. छातीच्या फोटोतही हे धड दिसेलच असं नाही, आणि फोटोसाठीसुद्धा मी हिला आता हलवणार नाही. मला शंका आहे. तेवढ्यावरच मी टांगा परत पाठवते आहे."

रक्त साकळू न देणारी सुई विलायतेत निघाली आहे म्हणे, पण लढाईच्या दिवसांत ती इथे कुठून आणू, असंही त्या म्हणाल्या. उपाय काय, तर खाटेच्या पायथ्याखाली विटा लावायच्या, पाय उंच ठेवायचा, चोळायचा मुळीच नाही, उठायचं नाही, आणि वाट पाहायची. दोरा त्यांनी कात्रीनं कापला आणि माझ्या हातात दिला. मग मला म्हणाल्या, "तुम्हाला पाहायची सवय आहे ना? मग पाहत बसा. श्वास, ओठ, पाय. काही बदललं तर ताबडतोब मला निरोप पाठवा. दुसऱ्या कोणावर सोडू नका."

डॉक्टरच्या हुकमानं मला तिच्याकडे बघायला बसवलं होतं.

पुढचे आठवडे मी खाटेशी बसून काढले. तुम्हाला वाटेल, सेवा करता करता माझं मन निवळलं. छे! ती पडल्या पडल्या खायची आणि मी भरवायची. तिच्या पोटात पोर लाथ मारायचं आणि लुगड्यावरून मला ती लाथ दिसायची, तेव्हा माझ्या जिवाची नुसती काहिली व्हायची. पण मी पाहत होते. एकदा पुन्हा कळ आली, ओठ पुन्हा जांभळे झाले. आत्याबाई मीठ-मोहऱ्या आणायला धावल्या आणि मी त्यांना ओलांडून रस्त्यावर गेले, स्वतःच दवाखान्यापर्यंत पळाले. डॉक्टरीणबाई आल्या, रात्रभर बसल्या. सकाळी ती जिवंत होती. विहीणबाई तिथेच होती. तिनं चहा केला, सगळ्यांना दिला, मला दिला नाही. माझ्या नजरेनंच पुन्हा कळ आली, असं तिनं शेजारणीला सांगितलं. ते मी माझ्या कानांनी ऐकलं.

मूल आमच्याच घरी झालं, खाटेवरच, डॉक्टरीणबाईंच्या हातानं. मुलगा. बाळंत झाल्यावरही धोका टळलेला नाही म्हणून धाकटीला आणखी पडून राहावं लागलं. पाय हळूहळू ओसरला. त्या दिवसांत पोर माझ्या दृष्टीस पडू नये याची घरात सगळ्यांनी काळजी घेतली. आईवर नजर ठेवायला मी चालत होते, पोरावर नाही. कपडा टाकून त्याला नेत-आणत. माझ्या वाटेला त्याचं रडणं तेवढं आलं.

पोर मान धरायला लागलं तेव्हा अकोल्याला जायची परवानगी मिळाली. धाकटी म्हणाली, "बाई आल्या तं जातो, नाई तं नाई जात." आत्याबाईंनी समजावलं, दिरानं समजावलं. ती हटली नाही. तिच्या पायात दोन्ही तोरड्या होत्या आणि दोन्ही खाली-वर सरकत होत्या, ते मी गाडीत बसता बसता पाहून घेतलं.

अकोला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मोर्णेचं पाणी गढूळ होतं. पूल ओलांडून टांगा जुन्या शहरातल्या गल्लीत शिरला, आणि दिसलं ते फुलांचं दुकान, ज्याचं एवढं ऐकलं होतं. आमच्या बाजारातल्या दुकानांपेक्षा मोठं नव्हतं. पण बाळंतपण उरकून आधीच परतलेली विहीणबाई दुकानातून धावत आली, लेकीला छातीशी धरलं आणि रडायला लागली. माझ्यासाठी असं कोणत्या दारातून कोण धावत येणार होतं? मला त्या दुकानाचा हेवा वाटला नाही, त्या धावण्याचा वाटला.

मग तिनं पोराला घेतलं. मी टांग्यातून उतरताना दिसले, तशी ती लगबगीनं आत गेली. बाहेर आली तेव्हा पोराच्या कपाळाला, गालाला आणि डाव्या तळपायाला काजळाची तीट होती, ओली, आताच लावलेली. गल्लीतल्या बाया जमल्या होत्या. मी उंबऱ्याबाहेरच थांबले. कुठे थांबायचं ते मला कोणी सांगायला लागत नव्हतं.

धाकटीनं ते पाहिलं. "कोणापासून जपून राहिली व आई?"

"अव, रीतच हाये थे. लेकराले लावतेच."

धाकटीनं पोर आईच्या हातातून काढून घेतलं. पदराचं टोक घागरीत बुडवलं आणि सगळ्या बायांसमोर पोराचं कपाळ पुसलं, गाल पुसला, तळपाय पुसला. विहीणबाई "अव! अव!" करत राहिली. मग धाकटी उंबरा ओलांडून बाहेर आली आणि पोर माझ्या हातांत ठेवलं. त्याच्या जन्मापासून मी त्याला हात लावला नव्हता.

"पाहा बाई," ती म्हणाली. "माया पायाकडे पाहत होत्या तसं याच्याकडे पाहा. पोटभर पाहा."

माझा हेवा तेव्हा गेला असेल, असं वाटतंय? कुठला जातो! पोर उबदार होतं, त्याच्या अंगाला दुधाचा वास येत होता, आणि ते माझं नव्हतं. मी उंबऱ्यावरच बसले. मग सवयीनं आधी त्याचे पाय हातात घेतले, दोन्ही घोट्यांभोवती बोटं फिरवून पाहिली. दोन्ही सारखे होते.